विमान ओळखा, रणगाडा ओळखा: गल्लीतला क्विझ कसा घ्यायचा

गणपतीत संध्याकाळी मंडपात काय ठेवायचं हा प्रश्न दरवर्षी प्रत्येक मंडळाला पडतोय. संगीत खुर्ची झाली, रांगोळी झाली, पाककला झाली, की चौथ्या दिवसापासनं पोरं मोबाईल काढून कोपऱ्यात बसतात. त्यापेक्षा एक संध्याकाळ जुनी विमानं आणि रणगाडे ओळखायचा क्विझ ठेवून बघा. खर्च म्हणाल तर काहीच नाही, एक प्रोजेक्टर, तो नसला तर कलर प्रिंट, आणि दोन तास. आणि बेळगावात याला गिऱ्हाईक कमी पडत नाही बघा, कारण इथं मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर आहे, सांब्र्याला एअरफोर्सचं ट्रेनिंग स्कूल आहे, खानापूर म्हणा येळ्ळूर म्हणा कंग्राळी म्हणा, कुठल्याही गल्लीत शिरलं की एखादा पेन्शनर फौजी ओट्यावर बसलेला असतोच. म्हणजे प्रश्न चुकला की मागनं आवाज येणारच, "अहो तो पॅटन नव्हं, मी चालवलाय त्यो!"

म्हणून तयारी नीट पाहिजे. खाली सगळं लिहितोय, कसं करायचं ते.

पहिली गोष्ट, जी बहुतेक क्विझवाले उलटी करतात. प्रश्न अवघड काढायचा नसतो, सुटेल असा काढायचा असतो. कुणालाच माहीत नसलेलं कुठलंतरी हंगेरीचं १९३८ चं चिलखती वाहन पडद्यावर टाकलं आणि सगळे गप्प बसले, तर तुम्ही हुशार ठरला पण खेळ मेला. चांगला प्रश्न म्हणजे ज्यावर तीन टीम तीन वेगळी उत्तरं देतात, आपापसांत भांडतात, आणि उत्तर कळल्यावर फोटोकडं बोट दाखवून "अरे हे तर दिसतच होतं की" म्हणतात. म्हणजे उत्तर फोटोतच पाहिजे. ओळखायची खूण फोटोत नसेल तर तो अंदाज नव्हे, लॉटरी.

फोटो कुठनं आणायचे

सगळ्यात बरं म्हणजे स्वतः काढलेले. आपल्याकडनं सगळं जवळ आहे. चोर्ला घाटानं गोव्यात उतरलं की वास्कोला दाबोळीजवळ बोगमाळो रोडवर नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, १९९८ साली उघडलेलं, तिथं सी हॉक, अलिझे, सीलँड, व्हॅम्पायर आणि ते भलंमोठं तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन अंगणात उभंय. कारवारला टागोर बीचवर चपळ नावाची मिसाईल बोट आहे आणि तिथंच टीयू-१४२ हे नेव्हीचं लांब पल्ल्याचं रशियन विमान आणून जोडलंय. बेंगळूरला गेलात तर एचएएलच्या म्युझियममध्ये मारुत, अजित, कॅनबेरा बघायला मिळतात. रणगाड्यांसाठी मात्र अहिल्यानगर गाठायला लागतंय, तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासनं आहे आणि पहिल्या महायुद्धातल्या रोल्स रॉईस चिलखती गाडीपासनं पॅटन, विजयंतापर्यंत सगळं एका आवारात. एक सहल काढली की दोन वर्षांचे प्रश्न होतात.

जाताना एक करा, प्रत्येक गाडीचा पूर्ण फोटो एक आणि तुकड्यांचे फोटो भरपूर. चाकं वेगळी, नळीचं टोक वेगळं, विमानाचं हवा घ्यायचं तोंड वेगळं, शेपूट वेगळी, आणि शेवटी समोरची पाटी. पाटीचा फोटो नसला की घरी येऊन हे कुठलं ते कुठलं यातच रविवार जातोय.

हे सोडून दुसरीकडचं काही नको. कॅम्पातनं जाताना गेटच्या आत दिसलं म्हणून मोबाईल काढायचा, सांब्र्याच्या रस्त्यावर थांबून झूम करायचं, असलं काही करू नका, आणि घरचा कोण सर्व्हिसमध्ये असेल तर त्याच्या युनिटचे आत्ताचे फोटोही मागू नका. आपला खेळ जुन्या, म्युझियममध्ये गेलेल्या गोष्टींचा आहे, तेवढ्यात भरपूर मजा आहे.

नेटवरनं घेणार असाल तर विकिमीडिया कॉमन्सवर बघा, तिथले बरेचसे फोटो नाव देऊन फुकट वापरता येतात. व्हॉट्सॲपवर फिरणारे फोटो मात्र अजिबात नकोत, "१९७१ चा भारतीय रणगाडा" म्हणून फिरणारा फोटो दुसऱ्याच देशाचा निघतोय. आणि आता नवीन त्रास सुरू झालाय, एआयनं बनवलेले फोटो. लांबनं झकास दिसतात, पण चाकं मोजली की एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला साडेपाच. ज्या खेळात चाकं मोजूनच उत्तर काढायचंय तिथं असला फोटो घुसला तर झालंच.

फोटो कापायचा कसा

खरं कौशल्य इथं आहे. पूर्ण फोटो दाखवला की जाणकार दोन सेकंदात सांगतोय आणि बाकीचे बघत बसतात. म्हणून तुकडा दाखवायचा, पण कुठला तुकडा हे विचार करून.

विमानात तीन जागा बघायच्या, हवा घ्यायचं तोंड, पंख आणि शेपूट. मिग-२१ चं तोंड नाकातच गोल आणि मधी सुळका, पंख त्रिकोणी पण मागं छोटे वेगळे पंखही आहेत. सुखोई-७ चंही तोंड तसंच, मधी सुळका, म्हणून नुसतं नाक दाखवलं की हमखास अर्धे लोक मिग म्हणणार. फरक पाठीवर आहे, सुखोईच्या पाठीवरनं दोन लांब नळ्या गेलेल्या असतात आणि पंख त्रिकोणी नसून मागं वळलेले असतात. म्हणजे हा प्रश्न कसा करायचा? आधी नुसतं नाक दाखवा, टीम ओरडतील मिग मिग, मग पाठीचा तुकडा उघडा आणि त्यांची तोंडं बघा.

हंटरची हवा आत जाते पंखाच्या मुळाशी असलेल्या त्रिकोणी खाचांतनं, नाक बंद. सी हॉकचंही तसंच, पंखाच्या मुळाशी, पण सी हॉकचे पंख सरळ, हंटरचे मागं वळलेले, आणि सी हॉकचा धूर शेवटून न निघता पंखाच्या मुळामागनं दोन्ही बाजूंनी निघतोय. म्हणजे शेपटीकडचा फोटो टाकला आणि विचारलं की भोक कुठाय, तर सी हॉक सापडला. कॅनबेरा सगळ्यांत सोपं, दोन इंजिनं पंखाच्या आतच रोवलेली, पोरांना पहिल्या राऊंडला हेच द्या.

नॅट आणि अजित ही मात्र खोडकर जोडी. अजित हे नॅटचंच एचएएलनं सुधारलेलं रूप, लांबनं बघितलं तर जुळे भाऊ. पंखाखाली बघायचं. अजितनं इंधन पंखाच्या आतच भरायची सोय केली, त्यामुळं पंखाखालच्या चारही जागा बॉम्ब-रॉकेटला मोकळ्या झाल्या. हे ज्याला कळलं त्याला जादा मार्क. पण म्युझियममधल्या विमानाला खाली काहीच लावलेलं नसलं तर हा प्रश्न न्यायाचा नाही, मग "नॅट किंवा अजित" दोन्ही बरोबर धरा.

रणगाड्यात चाकं, नळी आणि टरेट, म्हणजे वरचं फिरणारं डोकं. चाकं म्हणजे पट्ट्याच्या आतली मोठी चाकं, एका बाजूची मोजायची. टी-५५ ला पाच, आणि पहिल्या-दुसऱ्या चाकात ठळक फट. टी-६२ लाही पाचच, पण तिथं फटी मागच्या चाकांत. नळीवर धूर बाहेर काढायचा जो फुगवटा असतोय तो टी-५५ ला अगदी टोकाला, टी-६२ ला टोकापासनं बराच आत. या दोन खुणा सांगून झाल्या की आठवीतलं पोरगंसुद्धा दोन रणगाडे सांगू शकतंय, आणि एकदा त्याला सापडलं की ते मग यूट्यूबवर बघत बसतंय, आई-बाप आपल्याला शिव्या घालतात ती गोष्ट वेगळी. टी-७२ ला सहा चाकं, अर्जुनला सात. अर्जुनचं टरेट सपाट भिंतींचं, पेटीगत.

सेंच्युरियन आणि पॅटन यावर भांडण होणारच, कारण १९६५ च्या युद्धाच्या गोष्टी घराघरात सांगितल्या गेल्यात आणि पाकिस्तानच्या पॅटनचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, त्यामुळं कुठलाही जुना रणगाडा दिसला की पॅटन. असा प्रसंग ठरलेला:

"पॅटन! सर पॅटन!"

"कशावरनं?"

"मोठा हाय की."

"मामा, तुम्ही सांगा."

"पुढचा भाग बघ गा. पॅटनचा पुढा होडीगत गोल असतोय. ह्येचा बघ, सरळ उतरता पत्रा. आणि बाजूला चाकावर पत्रे झाकल्यात. सेंच्युरियन हाय ह्यो."

मामांनी उत्तर सांगून टाकलं म्हणून चिडू नका. असं कारणासकट उत्तर मिळालं की पुढच्या वेळी ती टीम "मोठा हाय" म्हणणार नाही, पत्रे बघणार.

फोटो उलटा करू नका

मुद्दाम वेगळं लिहितोय. आजकाल पोरं गुगल लेन्स लावून उत्तर काढतात, म्हणून काही जण फोटो आरशासारखा उलटा करून टाकतात, डावं ते उजवं. एक तर त्यानं लेन्स फसेलच असं नाही, आणि दुसरं, उत्तरच बदलतंय. आपल्याकडच्या टी-७२ चा तो मोठा इन्फ्रारेड दिवा नळीच्या उजवीकडं असतोय, आत बसलेल्या माणसाच्या उजवीकडं, आणि टी-६४ चा डावीकडं. फोटो उलटा केला की तुम्ही टी-७२ दाखवून टी-६४ ची खूण दिली. ज्याला येतंय तोच फसला आणि ज्याला येत नाही त्यानं ठोकून टी-७२ सांगितलं तर तो बरोबर! शिवाय नंबर, अक्षरं उलटी दिसली की सगळ्यांना कळतंयच.

लेन्सवर उपाय साधा, तुकडा इतका लहान ठेवायचा की मोबाईलला धागा सापडू नये, आणि नियम लावायचा की हात वर करून कारण सांगितल्याशिवाय मार्क नाहीत. "टी-५५, कारण पहिल्या दोन चाकांत फट." लेन्स नाव देईल, हे कारण थोडंच देतंय. मोबाईल जमा करून पिशवीत ठेवायचा प्रकार मी तरी करत नाही, अर्धा तास ती पिशवी सांभाळण्यात जातोय.

पायरीपायरीनं उघडायचं

एका प्रश्नाला तीन पायऱ्या ठेवा. पहिल्या पायरीला १०, दुसरीला ५, तिसरीला २ मार्क. एक उदाहरण पूर्ण मांडतो, तुम्ही हेच उचलून वापरलं तरी चालेल.

पॅकेट. म्हणजे फेअरचाइल्ड सी-११९, मालवाहू विमान. पहिल्या पायरीला फक्त मागचा भाग दाखवा, दोन शेपट्या, मधी पोकळ. इथं व्हॅम्पायर म्हणणारे निघतील, आणि ते चूक असलं तरी शहाणं चूक आहे, कारण व्हॅम्पायरलाही दोन शेपट्या आहेत आणि ते आपलं पहिलं जेट, १९४८ साली आलेलं. अशा चुकीला अर्धा मार्क द्या की, काय बिघडतंय. दुसऱ्या पायरीला फोटोतलं पूर्ण अंग आणि पाठीवर बसवलेलं जादा जेट इंजिन दाखवा, पंखे आहेत आणि पाठीवर जेटही आहे हे बघून लोक चक्रावतात. तिसऱ्या पायरीला गोष्ट सांगा, २३ जुलै १९६२ ला स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी हे विमान लडाखमध्ये दौलत बेग ओल्डीला, १६ हजार फुटांच्या वर, उतरवलं. तेवढ्या उंचीवर हवा विरळ, नुसत्या पंख्याच्या इंजिनांना जोर कमी पडणार, म्हणून ते पाठीवरचं जेट.

इथं थांबायचं नाही, आता आपल्या गावचा धागा लावा. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशात टांगाईलला दुसरी पॅरा बटालियन छत्रीनं उतरली, पुंगली पुलाजवळ. ही बटालियन मूळची मराठा लाईट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. त्या दिवशी ज्या विमानांतनं पोरांनी उड्या घेतल्या त्यांत हेच पॅकेट होतं, सोबत एएन-१२, डकोटा आणि कॅरिबू. हे मंडपात सांगितलं आणि समोर कोण पॅराचा माणूस बसलेला असला, तर पुढची वीस मिनिटं क्विझ बंद, ते बोलणार. बोलू द्या.

लोकल राऊंड ठेवाच

निम्मा क्विझ जगाचा असू दे, पण एक राऊंड इथला पाहिजे, आणि तो शेवटून दुसरा ठेवा म्हणजे कोण उठून जात नाही.

सांब्र्याचा प्रश्न तर पाहिजेच पाहिजे. विमानतळ १९४२ साली ब्रिटिशांच्या हवाई दलानं बांधला, हे बऱ्याच जणांना माहीत असतंय. पण १८ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्तीच्या वेळी, सांब्र्याहून कुठल्या जातीची लढाऊ विमानं उडाली आणि कशावर हल्ला केला? विमानं हंटर, आणि निशाणा बांबोळीचं वायरलेस स्टेशन. दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकणारी कॅनबेरा मात्र पुण्याहून आली होती. लोक नेहमी दोन्ही एकत्र करतात, म्हणून प्रश्न दोन भागांत विचारा. वयस्कर माणसांत असा कोणतरी निघतोयच ज्यानं लहानपणी तो आवाज ऐकलाय.

कर्नाटकाचा एक, कोडगूचे स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या. ७ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानात सरगोध्यावर त्यांनी मिस्टेअर विमानातनं त्यांचं एक स्टारफायटर पाडलं. मिस्टेअर त्या मानानं जुनं आणि हळू, स्टारफायटर त्या काळातलं एकदम वेगवान, आणि त्यात ते स्वतः गेले. महावीर चक्र मिळालं ते १९८८ साली. प्रश्न असा टाका की दोन विमानांचे फोटो शेजारी ठेवा आणि विचारा कुणी कुणाला पाडलं. नव्वद टक्के उलटं सांगणार, म्हणजे मला तरी तसंच वाटतंय.

बेंगळूरचा मारुत. १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडाला, डिझाईन करणारा जर्मन माणूस, ज्यानं दुसऱ्या महायुद्धात फोकवुल्फ १९० हे विमान बनवलं होतं. त्याचं नाव कर्ट टँक. या नावावर पोरं पाच मिनिटं हसतात, हसू द्या, पण नाव जन्मात विसरत नाहीत.

भाषेचं एक सांगतो. आमच्या गल्लीत निम्मी पोरं मराठी मीडियमची, निम्मी कन्नड किंवा इंग्लिश. प्रश्न दोन्हीत वाचायचा, एक वाचणारा मराठीचा आणि एक कन्नडचा. हंटरला हंटरच म्हणतात दोन्हीकडं, चाकं दोन्हीकडं सहाच भरतात, काही वांदा येत नाही. फक्त दोघांनी आधी एकदा बसून वाचून घ्या, नाहीतर एका भाषेत जादा हिंट जातीय आणि मग बघा गोंधळ.

गाड्यांचा राऊंड

विमान-रणगाड्यांनी दमलेल्यांना हा आराम. विलीज जीप, जोंगा, शक्तिमान ट्रक, निसान वन टन. आपल्याकडं लिलावातनं घेतलेल्या जुन्या मिलिटरी गाड्या अजून शेतात, क्रशरवर दिसतात, त्यामुळं यात बायकामाणसंही भराभर उत्तरं देतात, माहेरी जोंगा होती म्हणून. जोंगा हे नाव जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्लिश नावातली अक्षरं घेऊन बनवलंय आणि गाडी मूळची निसानची, "पॅट्रोल" नावाची. शक्तिमान जर्मन मॅन कंपनीच्या लायसन्सवर बनायचा, तोही जबलपूरला. म्युझियममधल्या गाडीवर मिलिटरी नंबर असला तर तो पण खूण म्हणून वापरता येतोय, सुरवातीला वर टोक केलेला बाण आणि त्यापुढचे दोन आकडे म्हणजे गाडी घेतल्याचं साल. पण कुणाच्या खासगी गाडीचा फोटो टाकणार असाल तर नंबर झाका.

कुठले प्रश्न टाकूच नयेत

"किती पाडले, किती फोडले" असले. १९६५ ला असल उत्तर या गावच्या लढाईत किती पॅटन गेले याचे आकडे पुस्तकागणिक बदलतात, तुमच्याकडं एक, समोरच्याकडं दुसरा, आणि दोघंही पुस्तक घेऊन येणार. त्याऐवजी विचारा की अब्दुल हमीद यांनी कशातनं रणगाडे फोडले. जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस गन. उत्तर एकच.

"पहिलं" हा शब्दही जपून. भारताचं पहिलं जेट म्हणजे वापरलेलं की बनवलेलं? वापरलेलं व्हॅम्पायर, इथं डिझाईन करून बनवलेलं लढाऊ मारुत. एअरफोर्सचं अगदी पहिलं विमान विचारायचं असेल तर वापिती, १९३३ ची. प्रश्नातच शब्द पूर्ण घाला.

आणि जुने प्रश्नसंच तसेच वापरू नका. मिग-२१ अजून उडतंय असं लिहिलेलं कुठंही सापडेल, ते २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं.

दुसऱ्या देशाची टिंगल होईल असे प्रश्न मी टाकत नाही. पाकिस्तानकडचं साबर हे विमान चांगलंच होतं, पॅटनही, म्हणून तर त्यांच्यासमोर नॅट आणि सेंच्युरियननं जे केलं त्याला किंमत आहे.

मार्क आणि भांडणं

नुसतं "मिग" म्हटलं तर अर्धे मार्क, "मिग-२१" ला पूर्ण. आपल्याकडची नावं चालवून घ्या, जग्वारला शमशेर, मिराजला वज्र, मिग-२७ ला बहादूर, हे सांगणारा माणूस उलट जादा जाणकार असतोय. विजयंताला कुणी विकर्स म्हटलं तर तेही बरोबर धरा, त्याच्याच डिझाईनवर आवडीत बनला.

जज म्हणून एक फौजी काका आणि एक शाळेतले सर अशी जोडी बसवा. नुसते फौजी काका असले तर ते ज्या रेजिमेंटचे तिकडं कल जातोय, नुसते सर असले तर त्यांचं कोण ऐकत नाही. काकांनी निकाल दिला तरी कारण सांगायचं हा नियम त्यांनाही लागू, हे आधीच हात जोडून सांगून ठेवा.

उत्तरानंतर प्रत्येक वेळी एका वाक्याची गोष्ट पाहिजेच. स्टुअर्ट रणगाडा दाखवला तर सांगा की १ नोव्हेंबर १९४८ ला हेच झोजी ला खिंडीत ११ हजार फुटांवर चढवले, आणि श्रीनगरला आणताना वाटेतले पूल पेलणार नाहीत म्हणून टरेट काढून वेगळी नेली. सेंच्युरियन दाखवला तर १९७१ च्या युद्धातले परमवीर अरुण खेत्रपाल यांच्या रणगाड्याचं नाव विचारा, फामागुस्ता. पहिल्या महायुद्धातला मार्क वन दाखवला तर सांगा की १५ सप्टेंबर १९१६ ला पहिल्यांदा लढाईत उतरलेल्या या रणगाड्यांत नर आणि मादी असे दोन प्रकार होते, नराला तोफा, मादीला नुसत्या मशिनगन. यावर मागनं काय काय शेरे येतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

लाईट गेली तर

जातीयच, पाऊस असतोय. म्हणून सावल्यांचा राऊंड तयार ठेवा. काळ्या पुठ्ठ्याची विमानं कापा, समोरनं, बाजूनं आणि खालनं दिसणारा आकार, प्रत्येकी तीन. पांढरं धोतर किंवा चादर ताणायची, मागनं टॉर्च मारायची, पुठ्ठा टॉर्चसमोर धरून हळूहळू फिरवायचा. खालनं बघितलेल्या स्पिटफायरचा तो लंबगोल पंख हळूच पूर्ण होतो तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं उभी राहतात. स्टुका त्याहून सोपं, समोरनं पंख इंग्रजी डब्ल्यूसारखे मोडलेले आणि चाकं कायम बाहेर.

हा काही नवा शोध नव्हे, दुसऱ्या महायुद्धात आपलं कुठलं आणि शत्रूचं कुठलं हे कळावं म्हणून शिकवायची पद्धतच ही होती. अमेरिकेत १९४२ साली नेव्हीनं शाळेतल्या पोरांकडनं पाच लाख मॉडेल मागवली, सगळी एकास बहात्तरच्या मापात, सगळी काळी रंगवलेली. हे माप आपल्यालाही कामाला येतंय, एकास बहात्तरचं मॉडेल १० मीटर लांब धरलं की खरं विमान ७२० मीटरवर दिसेल तेवढंच दिसतंय. दुकानात मिळणारी प्लास्टिकची बरीच मॉडेल याच मापाची असतात. मंडपाच्या एका टोकाला एकानं मॉडेल धरायचं, दुसऱ्या टोकानं ओळखायचं. चष्मेवाल्यांना दोन पावलं पुढं या म्हणायचं, एवढी सूट.

बक्षीस म्हणून कप देऊ नका, ते माळ्यावर जातात. पहिल्या टीमला कुंदा द्या, तिथंच उघडून सगळ्यांत वाटला जातोय.

बरोबरी झाली तर शेवटचा प्रश्न तोंडी नको, रस्त्यावर घ्या. नॅट फायटरच्या पंखांची लांबी, या टोकापासनं त्या टोकापर्यंत किती? प्रत्येक टीमनं दोन पोरं गल्लीत तेवढ्या अंतरावर उभी करायची. लढाऊ विमान म्हटल्यावर पोरं थेट कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात, आणि खरं माप २२ फूट १ इंच, म्हणजे कित्येक गल्ल्यांत ते रस्त्यावर आडवं मावेल. इंग्लंडचं दोन सीटचं ट्रेनर नॅट २४ फुटांचं होतं, म्हणून प्रश्नात फायटर हा शब्द विसरू नका. मोजायला गवंड्याची लांब टेप आधीच मागून ठेवा आणि तिची दोन टोकं दोन वेगळ्या टीमच्या हातात द्या, एकाच टीमनं धरली की दुसरी टीम टेप सैल होती म्हणतीय.